दहा वेळा म्हणा

दार आतून लावलेलं. कडेवर माही दीड वर्साची पोट्टी, अन् मी दारावर थापा मारून राहिली. "काकू! ओ सुमनकाकू! उघडा ना व!" आतून आवाज नाई. मी आनखी जोरानं थापा मारल्या. काहून का आदल्याच दिवशी याच ओट्यावर बसून मी फारमवर काकूच्या नावापुढं 'नाही' लिहिलं होतं.

मी गावची आशाताई, सरकारी दवाखान्याचं काम घरोघरी करते. आठवी शिकलेली. मन खचलेलं मानूस कसं ओयखाचं, थ्याचं ट्रेनिंग अमरावतीले झालं. मॅडमनं सांगतलं, पयला प्रश्न जसाच्या तसा वाचायचा. "तुम्हाला नैराश्य वाटते का?"

मी भेतभेत हात वर केला. "मॅडम, आमच्या परतवाड्याकडं 'करमत नाई' म्हंतेत. तसं इचारू का?"

"हे गावंढळ इथं चालणार नाही. उभ्या राहा. नैराश्य. दहा वेळा म्हणा."

पोट्टी अंगावर पेऊन राहिली होती. तिले अंगावरून सोडवलं. उभी राहिली. नयराश. नयराश. सारा हॉल हासला. पोट्टी रडे, मी म्हनो. पुरे दहा वेळा.

मंग काकूलेई तसंच इचारलं. काकू भाजीवाली. आठ दिवसापासून बाजारात गेली नोती, मेथी वाफ्यातच पिवयी पडली. मले दिसत होतं ना! तरी फारमच वाचलं.

काकू म्हने, "निराधार? नाई व माय. माहा लेक हाय ना पुन्याले."

तिले वाटलं, मी निराधारच्या पगाराचं इचारून राहिली. अन् मी? 'नाही' लिहून उठली.

शेजारच्यायनं दार तोडलं. काकूनं जीव द्याले पाह्यलं होतं, पन वाचली. दवाखान्यात माहा हात धरून म्हने, "करमेच नाई व पोरी. कोनी इचारलंच नाई."

कोनी इचारलंच नाई!

पुढच्या ट्रेनिंगले मॅडमनं माहं फारम उचललं. "'नैराश्य' खोडून 'करमत नाई' कुणी लिहिलं?"

"मी."

"उभ्या राहा. दहा वेळा म्हणा."

मी बसूनच राहिली. "नाई म्हनत. तुमी म्हना, मॅडम. करमत नाई. एकदाच म्हना."

या खेपेले कोनी हासलं नाई.

"काम जाईल तुमचं."

जाऊ दे. भेव वाटते मले, आताई वाटते. पन थो शब्द मी पुन्ना कोनाच्या ओट्यावर नेनार नाई. तुमी सांगा, थ्या बंद दाराभायेर लेकरू घेऊन तुमी उभे असते, तर म्हनला असता का दहा वेळा?