मांडीवरचं पातेलं

धाटावच्या कंपनीने शाल-श्रीफळ देऊन मला घरी पाठवलं, तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि मला मोटरसायकल येत नव्हती. गरजच पडली नव्हती. कामाला कंपनीची बस न्यायची आणि बाकी सगळीकडे माझा मोठा भाऊ. दादा पुढे, मी मागे. घरचा गणपतीही दरवर्षी पेणहून रोह्याला असाच यायचा. दादा चालवणार, मी टोपी घालून मूर्ती मांडीवर धरणार. मूर्तीच्या तोंडावर रुमाल आणि माझ्या तोंडापुढे दादाची पाठ, त्यामुळे रस्ता आम्हा दोघांनाही कधी दिसला नाही.

मग दादाला काचबिंदू निघाला. समोरचं अंधुक दिसायचं, कडेचं काहीच नाही. डॉक्टरने गाडी बंद केली. दादाने पंधरा दिवस डॉक्टरशी अबोला धरला. डॉक्टरला त्याचा पत्ताच नव्हता. शेवटी एका सकाळी गाडी पुसता पुसता तो मला म्हणाला, "गणपतीपर्यंत शीक. नायतर माझी गाडी इकून टाकतो."

'माझी गाडी' हे तो 'माझा मुलगा' म्हणावं तसं म्हणायचा. ती गेली तर हा माणूस ओट्यावरून उठणार नाही, याची मला खरी धास्ती होती. म्हणून शिकलो, हौस म्हणाल तर काडीची नव्हती.

गावाजवळच्या वरशाच्या मैदानात दादा मधोमध खुर्ची टाकून बसायचा आणि नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून माझा उद्धार करायचा. महिनाभराने रस्त्यावर आलो. पहिल्याच दिवशी समोरून आमच्या कंपनीची बस आली आणि तीस वर्षांच्या सवयीने मी हात वर केला. बस थांबली. मी मात्र थांबलो नाही, आडवा झालो. खिडक्यांतून सगळी पहिली शिफ्ट विचारपूस करत होती. कामावर असताना इतका मान मिळाला नव्हता.

पुढे परवानाही मिळाला. सरकार समाधानी होतं, दादा नव्हता. त्याची परीक्षा वेगळी होती. माझ्या बायकोचं दुधाचं पातेलं काठोकाठ पाण्याने भरून तो मांडीवर घेणार, मागे बसणार आणि मी नदीवरच्या, अष्टमी गावाकडे जाणाऱ्या पुलावरून जाऊन परत यायचं.

"अहो, पातेल्याला पोचा आला तर तुम्हीही घरात येऊ नका," बायको म्हणाली.

रोज संध्याकाळी आमची ही मिरवणूक निघायची. पुलावर कोणी विचारलंच तर दादा गंभीरपणे सांगायचा, "नवस हाय." घरी आला की पँट पिळायचा. पेणला जायच्या आदल्या दिवशीही त्याने पातेल्यात बोट घालून बघितलं.

"अर्धाच हाय पाणी. गणपती पन अर्धाच आनायचा काय?"

त्या रात्री मला वाटलं, गेली गाडी. शेजाऱ्याच्या टेम्पोत मूर्तीसाठी जागा होती, सगळ्यांनी तेच सुचवलं. सकाळी बघतो तर दादा टोपी घालून गाडीच्या मागच्या सीटपाशी उभा.

पेणहून निघाल्यापासून त्याने मला एकेक खड्डा तोंडपाठ सांगितला. त्यातले काही कधीच बुजले होते, तरी मी त्यांनाही मान देऊन वळसा घातला. नवे निघाले होते ते माझे मी शोधले. नागोठणं सोडलं, भिसे खिंड लागली आणि दादाने खड्डे सांगायचं थांबवलं.

"दादा?"

"पुढं बघ."

घरी पोचलो तशी दारात बायकोने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, मूर्ती पाटावर ठेवली, रुमाल काढला. दादा पुढे झाला. त्याने सोंड चाचपली, कान चाचपले, चारी हातांची बोटं एकेक करून मोजली. मी त्याच्या बाजूला उभा होतो.

"तुझ्या गाडीचा क्लच जड झालाय," तो म्हणाला. "उद्या दाखवून आन."

माझ्या डोळ्यांना धार लागली. कडेला उभा असलेला मी त्याला दिसत नव्हतो, त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला.