पायरीवरची चप्पल

ट्रकमध्ये चढण्याआधी तो पायरीवर चप्पल काढायचा. दोन्ही चपला एकमेकींवर आपटून धूळ झटकायचा, दाराच्या खणात खोचायचा आणि मगच अनवाणी पाय आत टाकायचा. तेवढ्यात समोर कुणाला गाडी रिव्हर्स घेता येत नसेल, तर पचकन थुंकून म्हणायचा, "हे डायवर? ह्याला रिक्षा द्या."

मी चाकणजवळ, महाळुंग्याच्या एका वजनकाट्यावर नोकरीला. गाडी काट्यावर घ्यायची, वजनाची पावती द्यायची, एवढंच काम. त्यामुळे ड्रायव्हर लोकांचे सगळे नमुने मी पाहिलेत. हा लातूरकडचा, चेन्नईच्या लाइनवरचा. लाइनवरचा म्हणजे लांब पल्ल्याचा, आणि ते तो कुणाला विसरू द्यायचा नाही. चाकणातल्या चाकणात फिरणाऱ्या लोकल ड्रायव्हरांना तो माणसांत धरत नसे. मलाही नाहीच.

"काटेवाले, तुमचं बरं हाय," तो म्हणायचा. "जग तुमच्याकडं येतंय. तुमाला कुठं जायची गरज न्हाई."

त्याच्या ट्रान्सपोर्टला एक मॅनेजर होता. असे तुम्हीही पाहिले असतील, छातीवर हात ठेवून बोलणारे. एकदा तो मॅनेजर बुटांसकट याच्या केबिनमध्ये चढला.

"उतरा. बूट काढून या," हा म्हणाला. "हे देऊळ न्हाई, पण तुमचं हापिसबी न्हाई."

मॅनेजरने बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता. काट्यावर आम्ही तो अंगठा आठवडाभर पुरवून पुरवून हसलो.

मग लांबचा माल एका बड्या वाहतूकदाराने कमी दरात उचलला. आमच्या माणसाच्या वाट्याला उरलं गोडाऊन ते कंपनी आणि कंपनी ते गोडाऊन. पगार मात्र पूर्वीसारखाच किलोमीटरवर. मॅनेजरने सगळ्यांना पार्किंगमध्ये जमवलं आणि छातीवर हात ठेवला.

"तुम्ही आमचं कुटुंब आहात. आता रोज घरचं जेवण, घरची झोप. आराम मिळतोय, त्याकडे बघा ना."

"सायेब, किलोमीटर कमी केले, तर रेट वाढवा," हा म्हणाला.

"परिस्थिती समजून घ्या, भाऊ."

"घेतली. मग तुमचा पगारबी खुर्ची किती फिरली त्याच्यावर करा."

सगळे हसले. रेट वाढला नाही.

त्या दिवसांत चाकण चौकापासून आमच्या काट्यापर्यंत फ्लेक्स लागले होते, 'ड्रायव्हर पाहिजेत, आकर्षक पगार.' त्याच फ्लेक्सच्या सावलीत ड्रायव्हर रिकामे बसलेले. ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून सभांमधून गळा काढणारे मालकही हेच. जगातला सगळा माल यांनी वाहिला असेल, लाज तेवढी यांच्या कुठल्याच गाडीतून गेली नसावी.

तो कंपनीच्या गेटवर नंबर लावून दिवसच्या दिवस बसायला लागला. किलोमीटर बोटावर मोजण्याइतके. तरी केबिन रोज पुसायचा. "लाइन परत चालू झाली की बघा," म्हणायचा. चिंचवडला भाड्याच्या खोलीत त्याची बायको आणि मुलं. एकदा चहा पिता पिता म्हणाला, "लेकरं इचारायलेत, पप्पा, रोज घरी कसं काय? आजारी हाव का?" त्या वेळी तो थुंकला नाही. मला फार वाईट वाटलं, आणि ते दाखवलं असतं तर त्याने माझी सालटी काढली असती.

आणि एका सकाळी तो चप्पल घालूनच केबिनमध्ये चढला. मी काट्याच्या खिडकीतून पाहत होतो.

"अहो, चप्पल?"

"एवढ्याशा फेरीला काय काढायची, काटेवाले. लगेच उतरायचंच हाय."

त्याच आठवड्यात त्याने किल्ली मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. मॅनेजर सगळ्यांना सांगत फिरला, "या लोकांना कामच नको असतं."

पुढे बऱ्याच दिवसांनी धाकट्या भावाने ताथवड्यात फ्लॅट घेतला. त्याचं सामान घेऊन आम्ही सोसायटीच्या गेटवर पोचलो, तर टेम्पोवाल्याला गाडी मागे घेता येईना. एकदा भिंतीला, एकदा कुंड्यांना. तेवढ्यात ओळखीचा आवाज आला, "हे डायवर? ह्याला रिक्षा द्या."

निळा गणवेश, डोक्यावर टोपी, पायात मोठाले काळे बूट. सोसायटीचा वॉचमन झाला होता. मला पाहून थोडा चपापला. मग टेम्पोवाल्याला खाली उतरवलं, पायरीवर बसला, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट एकमेकांवर आपटले आणि अनवाणी आत चढला. एका दमात त्याने गाडी लिफ्टच्या दारापाशी नेऊन लावली. क्षणभर स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला.

खाली आला, तेव्हा मी विचारलं, "कसं चाललंय?"

"आरामच आराम, काटेवाले," तो म्हणाला आणि बूट घालायला पायरीवर टेकला.

एवढ्यात बाहेर एका मोटारीने जोरात हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला. एक बूट पायात आणि एक हातात घेऊन, तो गेट उघडायला धावला.