चढलेला सूर

आमचे गौतम मास्तर ट्रम्पेट ओठांना लावण्याआधी त्याच्यावर तळहात ठेवत. मग म्हणत, "तापलंय. सूर चढणार." उन्हात पितळ तापलं की सूर वर जातो, गाडीवरचा कीबोर्ड मात्र जागच्या जागी राहतो. म्हणून मास्तर प्रत्येकाला सूर जुळवायची नळी थोडी बाहेर ओढायला लावत, कीबोर्डच्या 'सा'शी मिळवून घेत, आणि मगच वरात हलू देत. संभाजीनगरच्या त्या बँडमध्ये मी त्यांच्या शेजारी दुसरं ट्रम्पेट वाजवायचो.

मे महिन्यात लासूर स्टेशन गावात एक लग्न होतं. भर दुपारी नवरदेव घोड्यावर बसलेला आणि मास्तर एकेकाचा सूर तपासत होते. नवरदेवाचे चुलते वैतागले. "बाजाच वाजवायचाय ना? सूर कोण बघतंय?"

"मी बघतो."

"तुमच्या लोकांना आजकाल लई मान लागतो."

मास्तरांनी मान वर केली नाही. "मान घरून घेऊन आलोय, पाटील. इथं फक्त पाच मिनिटं पायजेत."

बँडचे मालक धावत आले. "वाजवा रे." मी घाबरलो आणि तसंच फुंकलं. माझ्यामागून सगळे सुरू झाले. मास्तर तेवढे वाजवायला तयार झाले नाहीत. बेसूर वरात मंडपापर्यंत गेली आणि ते ट्रम्पेट काखेत धरून आमच्यापुढे ताठ चालत राहिले.

मंडपाशी मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

"व्हय, नाय येत." मास्तरांनी लाल कोट उतरवला, नीट घडी घालून मालकांच्या हातात दिला आणि बनियनवरच स्टेशनकडे निघाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

पुढे बिडकीनला त्यांनी सहा जणांचा बँड उभा केला. सूर मिळवायला वेळ न देणाऱ्याची सुपारी ते घेत नसत.

तीन वर्षांनी मी त्यांच्या दारात उभा राहिलो. "मास्तर, मला घ्या."

त्यांनी माझं ट्रम्पेट मागून घेतलं. नळी हलेना. इतकी वर्षं मी ती हलवलीच नव्हती. तेल सोडून, फडकं अडकवून ते हिसके देत राहिले. बोट सोललं तरी थांबेनात.

"राहू द्या, मास्तर. त्या दिवशी माझं चुकलं."

"ठाऊक आहे मला. घट्ट धर."

शेवटी नळी फटकन सुटली. त्यांनी ती पुसून बसवली आणि ट्रम्पेट माझ्या हातात दिलं.

"दे सा."

मी दिला.

"चढलाय. नळी अजून बाहेर काढ."