मल्लूखचा बाप तोब्या

तार्स शहरात नदीकाठी आमची तंबूवाल्यांची गल्ली. तिथं अज्रिएलला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. एक तर त्याचा आवाज. हा दुकानात शिवायला बसला की गल्लीच्या पार त्या टोकाला कळायचं, आज स्वारी खुशीत आहे की वैतागलेली. आणि दुसरं म्हणजे त्याची वंशावळ. कुणी जाता जाता नुसतं "काय अज्रिएल, बरं आहे ना?" म्हणायची खोटी, हा दाभण कापडात खुपसणार, मांडीवरचे बकरीचे केस झटकणार आणि सुरू होणार, "मी अज्रिएल, मल्लूखचा. मल्लूख तोब्याचा. तोब्या शिमीचा. शिमी गेराचा..." अशी सात नावं, आणि तिथून एकदम उडी बन्यामीनवर, इस्राएलाच्या बारा वंशांतल्या आमच्या मूळपुरुषावर. वर पुन्हा विचारणार, "इस्राएलाचा पहिला राजा कुणाच्या वंशातला? बोला!"

"तुमच्या हो राजेसाहेब, तुमच्याच," समोरचा कुंभार म्हणायचा, "पण माझ्या गाढवाची झूल कधी होणार?"

"राजाला घाई करतोस? परवा ये."

हसू नका, आमच्या गल्लीत सगळेच असे. बन्यामीनची घरं म्हणजे वंश कायम नाकावर. त्या राजाच्या नावावरून दर तिसऱ्या घरात एक शौल. पुढं याच गल्लीतल्या तंबूवाल्यांपैकी एकजण ख्रिस्ताचा प्रेषित झाला, परमुलुखांत हिंडला, आणि तिथंही आपण बन्यामीनचे म्हणून ठणकावून सांगायचा म्हणे. परक्यांना नवल वाटलं असेल. आम्हाला कसलं नवल! आम्हा सगळ्यांना बाळकडूच ते. पण त्याच्याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. अज्रिएलबद्दल सांगणारं कुणी नाही, म्हणून मी सांगतो.

एवढा अभिमान कशाचा, असं कुणी विचारील. अहो, दुसरं होतं काय जवळ? गल्लीतल्या निम्म्या घरांचे आजे-पणजे रोमी शिपायांनी गालीलातून दोरीला बांधून आणलेले. शेतं गेली, घरं गेली, अंगावरचं फडकं तेवढं राहिलं आणि तोंडात नावं राहिली. अज्रिएलचा बाप मल्लूख आला तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता. एका ग्रीक तंबूवाल्यानं त्याला विकत घेतलं, काम शिकवलं आणि मरताना मोकळं केलं. मल्लूखनं मग स्वतःच्या पोराला शिवण आणि वंशावळ एकत्रच शिकवली. एका टाक्याला एक नाव. टाका चुकला तर म्हणायचा, उसव आणि पुन्हा घाल. नाव चुकलं तर कान असा पिरगळायचा की पोराच्या डोळ्यांत पाणी. तरी अज्रिएल बापाचं नाव निघालं की भरभरून बोलायचा. म्हणायचा, "माझ्या बापानं मला घर दिलं नाही, पण आजोबा-पणजोबा दिले."

अशा माणसाच्या मुलीचं लग्न ठरलं, तेही जिख्रीच्या घरात.

जिख्री म्हणजे गल्लीतलं सगळ्यात कडक घर. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवशी त्याच्या अंगणात पान हलायची चोरी. पण त्याचा मुलगा एल्यासाफ मोठा गुणी, आणि अज्रिएलच्या यमीमाला तो मनापासून आवडायचा. तो दुकानावरून गेला की तिचा टाका वाकडा पडायचा. बाप मुद्दाम म्हणायचा, "उसव, बाई. कापड काही एल्यासाफकडे बघत नाहीये." पोरगी लाल व्हायची आणि उसवायची. दोन्ही घरं खुशीत होती. राहिला होता तो फक्त वाङ्‌निश्चय.

आमच्याकडे वाङ्‌निश्चयाला दोघे बाप सभास्थानात उभे राहून आपापली वंशावळ म्हणतात. मग द्राक्षारसाचा प्याला फिरतो. तिथं म्हटलेलं नाव म्हणजे देवासमोरची साक्ष. उगाच काहीतरी बोलून चालत नाही. मागल्याच वर्षी जिख्रीनं पुतण्याचं लग्न तिथल्या तिथं मोडलं होतं. मुलीचा बाप चौथ्या नावाशी अडखळला. जिख्री उठला, प्याला पालथा घातला आणि चालू पडला. ती मुलगी अजून घरीच बसलेली. सगळ्यांनी चुकचुक केली, पण जिख्रीला बोलायची छाती कुणाची?

अज्रिएलला कसली भीती? "मी झोपेत म्हणतो," असं तो सांगत सुटला होता. आणि खरंच म्हणायचा, बायको महलथच सांगायची.

वाङ्‌निश्चयाला दोन दिवस उरले असताना गालीलाचं तेल घेऊन गलबत आलं. परक्यांच्या घाण्याचं तेल आम्हाला चालत नाही, म्हणून आपल्या माणसांचं येतं. ते घेऊन आला होता अम्मीएल नावाचा म्हातारा, आणि तो निघाला गुश हालावचा. म्हणजे मल्लूखच्याच गावचा! अज्रिएलला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं म्हाताऱ्याला हाताला धरून घरी आणलं, मसुराचं कालवण, भाकरी, खारवलेला मासा पुढं ठेवला आणि दोन घास पोटात जायच्या आत वंशावळ सुरू केली.

"मल्लूख तोब्याचा, तोब्या शिमीचा..."

अम्मीएलचा हात भाकरीवरच थांबला. "अरे, हा तोब्या कुठला मध्येच?"

"कुठला म्हणजे? माझा आजोबा."

"तुझा आजोबा शिमी. आमच्या घराला लागून त्यांचं घर, अजून भिंत उभी आहे. मल्लूख शिमीचाच. तोब्या तुमच्यात कुणी झाला नाही बाबा."

"काका, तेल विकता विकता वय झालं तुमचं," अज्रिएल हसत म्हणाला. पण म्हातारा हसला नाही.

"माझी मावशी त्याच दोरीला होती," तो म्हणाला. "पुढं आमच्या माणसांनी तिला सोडवून आणलं. मरेपर्यंत एकच गोष्ट सांगायची. शिमीला वेशीतच मारला. पोरगं चालत होतं, पण पाय सोलले आणि ते खाली बसलं. बसेल त्याला शिपाई तिथंच टाकून पुढं जायचे. तेव्हा कुणी एक तोब्या होता, मीठ विकायचा. हात बांधलेले होते, तरी तो वाकला आणि पोराला म्हणाला, गळ्याला मिठी मार. असा पाठीवर घेऊन सोरच्या बंदरापर्यंत चालला. आणि रोज संध्याकाळी त्या पोराकडून त्याच्या बाप-आज्यांची नावं म्हणवून घ्यायचा. विसरू नकोस म्हणायचा. पोरगं त्यालाच अब्बा म्हणायला लागलं होतं. म्हणून तर नावांत त्यालाही घातला असणार."

अज्रिएलनं विचारलं, "कुठल्या वंशाचा होता?"

"कोण जाणे! मावशी म्हणायची, बोलण्यावरून आपल्यातला वाटायचाच नाही. सीरियाकडचा असेल. बंदरावर दोघांना वेगवेगळ्या गलबतांत चढवलं. पुढं काय झालं, देवाला ठाऊक."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. अज्रिएलचा आवाज नाही. तो आणि महलथ एका लांबलचक शिवणीच्या दोन बाजूंना बसले होते. शेवटी तीच बोलली.

"अहो, आजवर म्हणत आलात तसंच म्हणा. कोण उठून विचारणार आहे? काका तर आजच पुढं गेले."

"कालपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. देवासमोर उभं राहून तोब्याला शिमीचा मुलगा म्हणू?"

"मग गाळा त्याला! मल्लूख शिमीचा, खरं तेच सांगा. जिख्रीला तर आणखी आवडेल, चोख वंश."

अज्रिएलनं दाभण खाली ठेवलं. "त्यानं माझ्या बापाला वाटेत टाकलं नाही, महलथ. मी त्याला टाकू?"

"आणि पोरीचं काय?" महलथचा आवाज चढला. "परका माणूस वंशावळीत आहे असं ऐकलं की जिख्री प्याला पालथा घालील. मागल्या वर्षीची ती मुलगी रोज दिसते मला, विहिरीवर खाली मान घालून येते. तसं बसवायचंय यमीमाला? मेलेल्या माणसाचं काय जातंय हो?"

यमीमा आतून ऐकत होती. ती दारात येऊन उभी राहिली.

"अब्बा, सांगा तुम्ही. सगळं सांगा."

"तुझं लग्न मोडेल, पोरी."

"मोडलं तर मोडलं. पण उद्या माझ्या मुलांना मी शिकवणार ना ही नावं? मला माहीत असून खोटी शिकवू?" एवढं बोलून ती आत गेली आणि दुपारपर्यंत बाहेर आली नाही. महलथही तिच्यामागं गेली. दोघी रडत असणार. अज्रिएल एकटाच शिवत बसला.

वाङ्‌निश्चयाला सभास्थान भरलं होतं. आधी जिख्री उभा राहिला आणि एकही नाव न अडखळता घडाघडा म्हणून खाली बसला. मग अज्रिएल उठला.

"मी अज्रिएल, मल्लूखचा. मल्लूख शिमीचा."

"अरे, तोब्या राहिला!" मागून गल्लीतलाच कुणीतरी ओरडला. सगळ्या गल्लीला ती नावं पाठ. लोक हसले.

"राहिला नाही," अज्रिएल म्हणाला, "त्याच्याकडेच येतोय." आणि त्यानं सांगितलं. दोरी सांगितली, सोललेले पाय सांगितले, बांधलेले हात सांगितले. कुणाकडे दया मागावी तसं नाही, नेहमी बन्यामीनबद्दल सांगायचा तसंच, मान वर करून. "शिमीनं माझ्या बापाला जन्म दिला. तोब्यानं त्याला जिवंत आणला, आणि ही सगळी नावंही त्यानंच जिवंत ठेवली. तो कुठल्या वंशाचा, मला ठाऊक नाही. आपल्यातला होता की नव्हता, तेही ठाऊक नाही. माझ्या बापानं दोघांना बाप म्हटलं, मीही म्हणणार. ज्याला हे पटत नसेल त्यानं आत्ताच सांगावं. माझी मुलगी काही रस्त्यावर पडलेली नाही."

सभास्थानाचा अधिकारी खाकरला. "अज्रिएल, माणूस भला असेल. पण वंशावळीत परका..."

जिख्रीनं हात वर केला. अधिकारी खाली बसला. महलथनं बायकांच्या बाजूला डोळे मिटून घेतले.

"कुठपर्यंत आणला म्हणालात?" जिख्रीनं विचारलं.

"सोरच्या बंदरापर्यंत."

"पाठीवर?"

"हो."

जिख्री प्याल्याकडे बघत राहिला. मग बोलला तो आवाज आमच्यापैकी कुणी आधी ऐकलेला नव्हता. "माझी आजी त्याच वाटेनं आली. धाकटा भाऊ तिचा पदर धरून चालत होता. तो बसला. तिचे हात बांधलेले, आणि ती स्वतःच केवढीशी. पाठीवर घ्यायला कुणी नव्हतं. मी इतक्यांच्या वंशावळी तपासल्या. त्या पोराचं नाव कुठल्याच वंशावळीत येत नाही. त्याच्यामागं कुणी झालंच नाही, तर म्हणणार कोण?"

एल्यासाफ बापाकडे बघत होता. त्यालाही हे ठाऊक नसावं.

जिख्री उठला, अज्रिएलच्या समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पुन्हा म्हणा. पहिल्यापासून, सावकाश. मला पाठ करायचंय. नातवंडं दोघांची होणार, ती मलाही विचारतील."

अज्रिएल एक-एक नाव म्हणत गेला आणि जिख्री त्याच्यामागून म्हणत गेला. तोब्याशी आल्यावर जिख्रीनं ते नाव दोनदा म्हटलं.