ट्रेच्या मधली गडद भुकटी

रुबीनाची दुसरी बॅचही जाड निघाली, हे रिपोर्ट उघडताच कळलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

मोहोपाड्याजवळच्या आमच्या लहानशा कारखान्यात कार्बन नॅनोट्यूब बनतात. म्हणजे कार्बनच्या नळ्या, केसापेक्षा कित्येक हजार पट बारीक. डोळ्यांना दिसते ती नुसती काळी भुकटी. बॅटरीत ती मिसळली की वीज चांगली वाहते. या नळ्या उगवतात कॅटॅलिस्टवर. कॅटॅलिस्ट म्हणजे पांढऱ्या अॅल्युमिना पावडरवर बसवलेले लोखंडाचे आणि कोबाल्टचे अगदी सूक्ष्म कण. तापलेल्या रिअॅक्टरमध्ये गॅस सोडला की तो या कणांवर फुटतो. त्यातला कार्बन कणात मुरतो आणि नळी होऊन बाहेर येतो. कण बारीक, तर नळी बारीक. कण एकमेकांना चिकटून मोठे झाले, तर नळी जाड. फारच मोठे झाले, तर नळी नाहीच, नुसती काजळी.

कॅटॅलिस्ट सेक्शन पंधरा वर्षं माझ्याकडे होतं. मग एका बॅटरी कंपनीला बारीक नळ्या हव्या झाल्या. मी सहा महिने झटलो, जमलं नाही. कर्जतच्या रुबीनाला रुजू होऊन वर्षही झालं नव्हतं, तिनं लॅबमध्ये ते करून दाखवलं. लोखंड-कोबाल्टच्या द्रावणात तिनं सायट्रिक अॅसिड घातलं. आपण ढोकळ्यात घालतो ते लिंबूसत्त्व. त्यानं कण एकमेकांपासून वेगळे राहिले. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

मॅनेजर साहेबांनी तिच्या नळ्यांचा फोटो मोठा करून कँटीनच्या भिंतीवर लावला. मी त्याकडे पाठ करून जेवायला बसू लागलो. एकदा तिला उशीर झाला तर कर्जतची स्टाफ बस दहा मिनिटं थांबली. माझ्यासाठी ती कधी थांबली नव्हती. हे मी बायकोला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, आपल्या मुलीच्या वयाची आहे ती. त्यानं मी जास्तच चिडलो.

लॅबमधून काम प्लांटवर आलं. द्रावणात भिजवलेली पावडर भट्टीत भाजली की कॅटॅलिस्ट होतं. लॅबमध्ये ती मूठभर भाजायची, इथे ट्रे भरभरून. पहिली बॅच जाड निघाली. आमच्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नाही, सॅम्पल मुंबईला जातं आणि रिपोर्टची वाट बघावी लागते. दुसरी बॅच भट्टीतून निघाली तेव्हा रुबीना मीटिंगमध्ये होती. चौक गावाजवळचा दत्ता आमचा जुना ऑपरेटर. त्यानं मला ट्रे दाखवला.

"साहेब, भुकटी मदीच गडद झालीय, काठाला नाय. मॅडमना सांगू का?"

मला एका क्षणात कळलं. लिंबूसत्त्व भट्टीत जळतं आणि जळताना स्वतःची उष्णता सोडतं. थर पातळ असेल तर ती निघून जाते. जाड थरात ती मध्ये कोंडते, तिथलं तापमान भलतंच चढतं आणि कण चिकटून मोठे होतात. भट्टीच्या मीटरला यातलं काही दिसत नाही, तो फक्त भट्टीतली हवा मोजतो. ट्रे तसे भरायची पद्धत माझीच. माझ्या रेसिपीत लिंबूसत्त्व नव्हतं, म्हणून चालत होती.

"राहू दे," मी दत्ताला म्हणालो. "मी बोलतो."

बोललो नाही. ती बॅच तशीच रिअॅक्टरमध्ये गेली. सगळा आठवडा रुबीना वजनकाटा तपासत होती, जुन्या नोंदी चाळत होती. मी समोरच्या टेबलावरून बघत होतो.

रिपोर्ट आल्यावर साहेबांनी दोघांना बोलावलं. बारीक नळ्यांचं काम बंद करू, गिऱ्हाइकाला नकार कळवू, असं म्हणाले. तिला पॅकिंगच्या क्वालिटीत टाकायचं ठरलं. माझी जुनी रेसिपी परत चालू. मला हवं होतं ते सगळं पाच मिनिटांत मिळालं.

बाहेर आल्यावर तिनं आपली वही माझ्यासमोर ठेवली.

"ठोंबरे सर, एकदा बघाल का? चुकलं कुठे ते तरी कळू दे."

मी वही उघडली. अक्षर नीट, हिशेब अचूक. मला पान उलटवेना.

"तुझं चुकलं नाही," मी म्हणालो. "ट्रे पातळ भर. भट्टी हळू चढव." आणि कारण सांगितलं.

तिनं सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"बॅच भट्टीतून निघाली तेव्हाच. दत्तानं दाखवलं होतं."

तिनं वही मिटली. एवढंच म्हणाली, "साहेबांना तुम्ही सांगणार की मी सांगू?"

मीच गेलो. साहेबांनी ऐकून घेतलं आणि मला दार ओढून घ्यायला सांगितलं. त्यानंतर जे बोलले ते मी इथे लिहीत नाही.

तिसरी बॅच बोटभर थरानं भाजली. नळ्या बारीक निघाल्या, ऑर्डर मिळाली. आज कॅटॅलिस्ट सेक्शन रुबीनाकडे आहे. मी कच्च्या मालाची तपासणी बघतो. ती माझ्याशी अदबीनं बोलते, पण कामातली अडचण मला विचारत नाही. आधी दत्ताला विचारते.

हेवा गेला का? नाही. पण भट्टी चालवणाऱ्यांना एक सांगतो. तापमान मोजायचं तर थर्मोकपल पावडरच्या आत खुपसा. आणि ऑपरेटर काही दाखवत असेल, तर ज्याचं काम आहे त्यालाच ते दाखवू द्या.