रेडियमची पट्टी

दर्शनी पडदा, झालर, विंग ही नावं प्रेक्षकांनाही ठाऊक असतात. अंधारात मात्र आम्हा नटांच्या कामाला येते ती रंगमंचाच्या फळ्यांवर चिकटवलेली रेडियमची बोटभर पट्टी. दिवे गेले की ती हिरवी चमकते आणि कुठे उभं राहायचं ते सांगते. तिच्यावर आमचा इतका विश्वास, की डोक्यावर काय टांगलंय ते कुणी बघत नाही.

आज दुपारच्या प्रयोगाआधी रंजना अंधारातला प्रवेश करून बघत होती. दिवे लागले तेव्हा ती एका पट्टीवर अगदी नेमकी उभी होती, हनुवटी वर करून, समाधानानं.

"रंजनाताई, आधी मागे या!" पडदे सोडणारे सदाकाका ओरडले. "ती कालच्या नाटकाची खूण. काढायची राहिली. आपला मागचा पडदा याच अंधारात तिथंच खाली येतो."

त्या पडद्याच्या तळाला लोखंडी नळी असते. रंजना घाईनं मागे सरली. सदाकाकांनी पट्टी नखानं खरवडून विंगेत फेकली.

माणसं निघून जातात, त्यांच्या खुणा चमकत राहतात. अंधारात त्यांची कुठली आणि आपली कुठली, हे कसं कळावं? रंग तर सारखाच.

प्रयोगात तो अंधार झाला तेव्हा मी विंगेत होतो. रंजना माझ्या शेजारून निघाली. तिच्या पावलाखाली काहीतरी हिरवं चमकलं, विझलं, पुन्हा चमकलं. फेकलेली पट्टी तिच्या चपलेला चिकटली होती, अर्धी बाहेर डोकावत.

खूण तिच्याबरोबर चालली होती, जिथं थांबेल तिथं तिचीच जागा वाटावी अशी, आणि वर पडद्याचा दोर करकरायला लागला होता.