उष्ट्या ओळी

आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल मावशीला लिहायला घेतलं होतं. मजकूर निम्मा झाला होता. आज कॉम्प्युटरवर, आत-बाहेर काय जातं यावर पहारा ठेवणारी फायरवॉल बसवली आणि पुढचं वाक्य लिहू लागताच तिने विचारलं, मराठी टायपिंगचा प्रोग्राम इंटरनेटवर जाऊ पाहतोय, जाऊ द्यायचं का?

बायको मागेच उभी होती. म्हणाली, "अक्षरं उमटवायची सोडून हा बाहेर कुठे निघालाय?"

मी 'नाही' दाबलं. तो अडला, पण किळस काही जाईना. इतके दिवस त्याला अडवणारं कोणीच नव्हतं; मी टाइप केलेलं अक्षर न् अक्षर तो बाहेर पोचवत असेल. आईचं कण्हणं, तिने शेवटी मागितलेलं पाणी, सगळ्याला आधीच कुणाची तरी जीभ लागून गेली असेल.

लिहिलेलं सगळं पुसून मी कागद घेतला. मावशीच्या पानात उष्टं कसं वाढायचं?